खरं बोलल्याचा दंड

थावरा आडे बी. ए. ला नीतिशास्त्र आणि लोकप्रशासन घेऊन बसला, त्यामागे काही थोर विचार होता असं कुणी समजू नये. एकोणीसशे नव्याण्णवच्या जूनमध्ये तो तांड्यावरून निघाला, गोरेगावपर्यंत पायी आला, तिथून जीपच्या मागच्या फळीवर एक पाय टेकवून हिंगोलीला पोहोचला. कॉलेजच्या खिडकीशी त्याचा नंबर लागेस्तोवर इतिहास भरला होता, मराठी भरलं होतं, अर्थशास्त्राला तर पोरं उभी राहायची वेळ आली होती. पंगत उठल्यावर आलेल्या पाहुण्याला जे उरलं असेल ते वाढतात, तसं खिडकीतल्या बाबूनं त्याला उरलेलं वाढलं.

"नीतिशास्त्र म्हंजे काय असतंय साहेब?" थावरानं विचारलं.

"चांगलं वागायचं शास्त्र."

"अन् लोकप्रशासन?"

"लोकांना चांगलं वागायला लावायचं शास्त्र. घे, दोन्ही बरे आहेत. पोरं कमी, पंख्याखाली जागा मिळते."

थावराचा बाप सोनाजी मात्र हे विषय ऐकून खूश झाला. जिल्हा नवा होता, नुकताच मे महिन्यात परभणीतून वेगळा निघाला होता. नव्या बिऱ्हाडात भांडी असतात पण वाढणारं कुणी नसतं, तशा हिंगोलीत कचेऱ्या आहेत पण खुर्च्या रिकाम्या आहेत, असं सोनाजीच्या कानावर आलं होतं. "लोकप्रशासन म्हंजे कलेक्टरच की," तो तांड्यावर सांगत सुटला. "तीन वर्साचं काम हाय. मंग एक खुर्ची आपली."

बापाला एकच धास्ती होती, ती पोराच्या तोंडाची. थावराच्या पोटात खरं राहत नसे. लहानपणी सोनाजीनं त्याला बैलबाजारात नेलं होतं. गिऱ्हाइकाशी रुमालाखाली बोटं धरून सौदा जमत आला, तेवढ्यात थावरा त्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "काका, मागून नका जाऊ, लाथ मारतंय ते." बैल परत घरी आला आणि पुढं म्हातारा होऊन घरीच मेला. असल्या पोराला नीतिशास्त्र शिकवणं म्हणजे आगीत रॉकेल ओतण्यासारखं होतं, पण हे सोनाजीला कोण सांगणार?

नीतिशास्त्र शिकवायला ओमप्रकाश सर होते. कॉलेजात त्यांच्या आडनावाचे तिघे प्राध्यापक असल्यामुळं सगळे त्यांना नावानंच ओळखत. सर पुस्तक मिटवून शिकवत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "तुमच्या गल्लीतल्या पोराचं लग्न जुळून राहिलंय. मुलीकडचे पाहुणे तुम्हाला रस्त्यात गाठतात अन् विचारतात, पोरगा पितो का? पोरगा पितो, हे तुम्हाला बराबर माहीत आहे. काय सांगाल?"

वर्गात दंगल झाली. एक म्हणाला, सांगू नये, लग्नानंतर सुधारतात. दुसरा म्हणाला, सांगावं, पण पाहुणे जेवून गेल्यावर. तिसऱ्यानं पोराकडून काहीतरी घेऊन गप्प बसण्याचा मार्ग सुचवला आणि तो पुढं राजकारणात गेला. सरांनी फळ्यावर दोनच शब्द लिहिले, कर्तव्य आणि परिणाम. काही म्हणतात खरं बोलणं हे कर्तव्य आहे, मग आभाळ कोसळो. काही म्हणतात आधी बघा, आभाळ कुणाच्या डोक्यावर कोसळणार आहे. थावराला हे इतकं आवडलं, की तो परतीच्या जीपमध्ये बकऱ्यावाल्याशीसुद्धा याच विषयावर भांडला.

पण या गोष्टीतला खरा पेच थावराच्या घरात होता. त्याचं नाव निलम.

निलम त्याची धाकटी बहीण. तांड्यावर शाळा होती, ती सातवीपर्यंत. पुढं आठवीला गोरेगावला जायचं. पोरं जीपला लोंबकळून जात. पोरींना कोण लोंबकळू देईल? एकट्यादुकट्या पायी जायच्या तर वाटेत ओढा, माळ आणि माणसांची तोंडं. म्हणून सातवी झाली की पोरगी घरी बसायची, दिवाळीनंतर आईबापासोबत ऊसतोडीला जायची, आणि दोनतीन हंगामांत तिचं लग्न लागायचं. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. लोकप्रशासनाच्या पुस्तकात लिहिलं होतं, की काही न ठरवणं हेसुद्धा एक धोरणच असतं. थावरानं ते वाक्य वाचलं तेव्हा त्याला पुस्तकात निलमच दिसली. ती सातवीत पहिली आली होती, आणि सोनाजीनं तिच्यासाठी नवा कोयता बघून ठेवला होता.

दहा वाजताची एस. टी. तांड्याच्या फाट्यावरून रोज गोरेगावला जायची आणि संध्याकाळी त्याच वाटेनं परत यायची. थांबायची मात्र नाही. धुरळा उडवून निघून जायची. ती थांबली तर निलमची आठवी होणार, न थांबली तर नाही, इतकं साधं होतं.

दोन हजारच्या उन्हाळ्यात थावरानं डेपोला अर्ज केला. विनंती थांबा मिळावा. महिन्याभरात निरोप आला: जूनमध्ये गाडी फाट्यावर थांबवून बघू, किती लोक चढतात ते पाहू, साहेब स्वतः येतील, मग ठरवू.

तांड्याचे नाईक नरसिंग हे पिकल्या मिशांचे, कमी बोलणारे गृहस्थ. नाइकाचा शब्द म्हणजे तांड्यावर शेवटचा शब्द. त्यांनी निरोप ऐकला आणि तिथल्या तिथं हुकूम सोडला, "घरटी एक मानूस. रोज. पाळीनं."

"पण नाईक," थावरा म्हणाला, "काम नसताना काहून जायचं?"

"गाडीला मानसं पायजेत ना? दिऊ मानसं."

झालं. तांडा गाडीत बसू लागला. गोरेगावला उतरायचं, बाजारपेठेत एक फेरी मारायची आणि पायी परत यायचं. पहिल्या दिवशी तर कहरच झाला. तांड्यावर आलेला पाहुणा रिकाम्या तोंडी जाता कामा नये, हा रिवाज. आणि एस. टी. म्हणजे पहिल्यांदाच दारात आलेला पाहुणा! बायांनी गाडीला कुंकू लावलं, नारळ फोडला, ड्रायव्हर-कंडक्टरला खाली उतरवून घोंगडीवर बसवलं आणि बाट्या, म्हणजे तांड्यावरच्या भाकरी, वाढल्या. आतले पासिंजर खिडक्यांतून आरडाओरडा करू लागले, तेव्हा त्यांनाही खिडक्यांतून बाट्या दिल्या. गाडी इतकी उशिरा गोरेगावला पोहोचली, की दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरनं फाट्यावर गाडी पुरती थांबवलीच नाही, नुसती हळू केली. नाइकांनी मग स्वागत बंद करायला लावलं. बायांचं म्हणणं, एवढं खाऊन माणूस असा कसा वागतो?

म्हातारी शकुबाई मात्र पाळी नसतानाही रोज जायची. उमर गेली तरी तिनं कधी खिडकीची जागा बघितली नव्हती. ती पदर सावरून खिडकीशी बसायची आणि वाटेतल्या प्रत्येक वावरावर मत द्यायची, कुणाचं सोयाबीन पिवळं पडून राहिलंय आणि कुणाच्या धुऱ्यावर गवत माजलंय. निलम आणि तिच्या वर्गातल्या आणखी तिघी दप्तरं घेऊन तिच्या मागच्या बाकावर बसत. चौघींची आठवी सुरू झाली होती. तांड्याच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत होतं, आणि चौघींनाही ते माहीत होतं.

मग साहेब यायचा दिवस उजाडला. नाइकांनी सकाळी हाळी दिली, "चला रे!" इथं गफलत झाली. नाइकांच्या मनात पाळीचीच माणसं होती. पण नाइकाची हाळी आली की घरात कुणी मागं राहायचं नाही, हा पिढ्यान्‌पिढ्यांच्या वळणाचा भाग. अख्खा तांडा फाट्यावर आला. बाया कवड्या-आरशांचे ठेवणीतले घागरे घालून, लेकरं अंघोळ करून, म्हातारे काठ्या घेऊन. कुणी तरी बकरीसुद्धा आणली होती. साहेब गाडीतून उतरले आणि गर्दी बघून म्हणाले, "लग्न कुणाचं आहे?"

"लगीन न्हाई साहेब," नाईक म्हणाले. "हे समदे रोजचे पासिंजर."

"बकरी पण?"

नाइकांनी बकरीवाल्याकडं डोळे वटारले. साहेबांनी एकेकाला विचारलं, कुठं निघालात? प्रत्येकानं सांगितलं, गोरेगावला, कामाला. काय काम? तेव्हा प्रत्येकजण नाइकांकडं बघू लागला. साहेब काही कच्चे नव्हते. त्यांनी हातातला कागद बघितला आणि हाक मारली, "थावरा सोनाजी आडे कोण? अर्ज तुझा ना? कॉलेजात आहेस असं लिहिलंयस. मग तूच सांग. हे सगळे खरंच रोज जातात?"

थावरानं आजूबाजूला बघितलं. समोर नाईक उभे, बाजूला बाप, गाडीच्या दारात निलम. तिनं दप्तर छातीशी धरलेलं. एक 'व्हय' म्हटलं की काम होणार होतं. असं समजू नका की त्याला तेव्हा काही तत्त्व आठवलं. त्याला उलट भाबडी आशा वाटली, की खरी गरज कानावर घातली तर सरकार हो म्हणेल. त्याच्या लोकप्रशासनाच्या पुस्तकातलं सरकार तसंच वागत होतं.

"न्हाई साहेब," तो म्हणाला. "रोजच्या ह्या चार पोरीच. शाळेला जातात. बाकीचे तुमच्यासाठी आलेत. पण साहेब, गरज चौघींचीच असली तरी ती खरी हाय."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "खरं बोललास, बरं वाटलं," ते म्हणाले. "पण चौघींसाठी थांबा नियमात बसत नाही."

आणि गेले. बरं वाटून गाडी थांबत नसते. दुसऱ्या दिवशी दहाची एस. टी. पूर्वीसारखीच धुरळा उडवून निघून गेली. निलम फाट्यावर हात दाखवत उभी होती. घरी येऊन तिनं दप्तर खुंटीला अडकवलं आणि थावराशी एक शब्द बोलली नाही. त्याची आई रूपाबाई एवढंच म्हणाली, "बैलाच्या वक्ती तुज्या बापानं सोसलं. आता पोरीनं सोसायचं का?" थावरा ताटावरून उठला.

नसाब बसली. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत, सेवालाल महाराजांच्या देवळासमोर, पांढऱ्या झेंड्याखाली. आरोप सरळ होता: तांड्यानं एक ठरवलं, थावरा दुसरंच बोलला. थावरा तयारीनं आला होता. त्यानं कर्तव्य सांगितलं, परिणाम सांगितला, धोरण खोट्यावर उभं राहिलं तर कसं कोसळतं ते सांगितलं. नाइकांच्या उजव्या हाताला बसणाऱ्या, त्यांना सल्ला देणाऱ्या कारभाऱ्यांना मधेच डुलकी लागली. शकुबाईनं उठून तक्रार केली, की ह्याच्या खऱ्यापायी आपली खिडकी गेली. सोनाजी मान खाली घालून बसला होता.

सगळ्यांचं बोलून झाल्यावर नाईक मिशीवर हात फिरवत म्हणाले, "खरं बोलला, ह्यो गुन्हा न्हाई. मी सवता खोटं बोललो, ते बी चांगलं न्हाई. पर ऐक पोरा. तुजं खरं तुला मोकळं करून गेलं अन् पोरींना घरी बसवून गेलं. मंग त्या खऱ्याचं वझं कोन उचलनार?"

थावरानं पुस्तकाची पानं मनात चाळली. वझ्याचा धडा त्यात नव्हता.

"ज्यानं सांगितलं त्यानंच," नाईक म्हणाले. "हे चारी लेकरं रोज गोरेगावला शाळेत न्यायची अन् संध्याकाळी घरी आनायची. पायी. गाडी थांबंपर्यंत. ह्यो तुजा दंड."

आता यातली खोच बघा. नसाबीचा दंड म्हणजे दंड. तो भरू द्यायचा नाही असं कुणी म्हणू शकत नाही. थावरानं पोरी न्यायच्या, म्हणजे बापांनी पोरी पाठवायच्या. सोनाजीला हे जरा उशिरा कळलं. तो कोयत्याबद्दल काही बोलायला उठला, नाइकांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं, आणि तो परत बसला.

दुसऱ्या दिवसापासून थावराचं कलेक्टर होणं लांबलं. सकाळी चार पोरी घेऊन निघायचं, ओढा, माळ, मग गोरेगाव. त्यांना शाळेत सोडून जीपनं हिंगोली. तिथं पोहोचेस्तोवर बहुतेक तास संपलेले. एखादा तास पदरात पाडून परत गोरेगाव, शाळा सुटायच्या आत. गोरेगावच्या जीपवाल्यांना तर आयतं खाद्यच मिळालं. "काय थावरा, कलेक्टरसाहेबांचा ताफा निघाला का?" ते ओरडायचे. पहिले काही दिवस तो खाली मान घालून चालला. मग निलमनंच एकदा मागं वळून उत्तर दिलं, "व्हय, बाजूला सरका!" त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलू लागली आणि त्याची मान वर झाली.

चालताना वेळ जात नसे, म्हणून थावरा पोरींना कॉलेजात शिकलेलं सांगायचा. एकदा त्यानं पाहुण्यांचा प्रश्न घातला: पोरगा पितो, सांगायचं का नाही? वर्गात ज्यावर तासभर रण माजलं होतं, त्याचा निकाल ओढा ओलांडायच्या आत लागला.

"सांगायचंच," निलम म्हणाली.

"काहून? लगीन मोडंल ना."

"मोडू दे की. त्याच्या घरी ऱ्हायला तू जानार हायस का आमी?"

थावरानं हे उत्तर ओमप्रकाश सरांना सांगितलं. सर हातातला खडू खाली ठेवून म्हणाले, "पंधरा वर्षं शिकवून राहिलो. पोरीला कुणी विचारावं, हे मला सुचलं नाही."

तरी त्याच वर्षी थावरा नीतिशास्त्रात नापास झाला. पेपर सकाळचा होता. त्यानं पोरी आधी पोहोचवल्या, मग जीप भरायची वाट बघितली, आणि परीक्षेला बसला तेव्हा बाकीची पोरं पुरवण्या मागत होती. सरांनी त्याला बोलावून घेतलं. "नीतिशास्त्रात नापास व्हायचं यापेक्षा चांगलं कारण मी ऐकलेलं नाही," ते म्हणाले. "पण मार्क नाही देता येत." थावराला राग आला नाही. खऱ्याचा नियम सरांनाही लागू होता. सोनाजीला मात्र हे पटवता पटवता त्याची पुरेवाट झाली.

दुसऱ्या वर्षी सातवी झालेल्या पोरी आपसूक थावराच्या मागं निघाल्या. थावरा हाय ना, मग जाऊ द्या, असं बाया म्हणू लागल्या. मग ओढ्यापलीकडच्या वस्तीवरच्या शेतकऱ्यांच्या पोरी वळणावर येऊन उभ्या राहू लागल्या. त्यांच्या आया त्याला 'थावराभाऊ' म्हणत आणि त्याच्या हातावर शेंगदाणे ठेवत. माळावरून चालताना ही रांग लांबून दिसायची, पुढं निलम आणि सगळ्यांत मागं, कुणी रेंगाळू नये म्हणून, थावरा. त्याच्याबरोबरची पोरं बी. ए. होऊन बी. एड. च्या मागं लागली. हा तिसऱ्या वर्षाचं ओझं वाहतच होता. वाईट वाटायचं त्याला, खोटं कशाला सांगा. एखाद्या पावसाळी सकाळी चिखलातून चप्पल उपसताना नाइकांना चार शिव्याही तो मनात घालायचा.

दोन हजार दोनच्या जूनमध्ये त्यानं पुन्हा अर्ज केला. या वेळी दुसरे साहेब आले. कुणी हाळी दिली नाही, कुणी घागरा काढला नाही. साहेब फाट्यावर उभे राहिले, आणि तांड्यावरून, वस्तीवरून, धुऱ्याधुऱ्यानं पोरी येत राहिल्या. साहेबांनी बोटानं मोजायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिली. पुढच्या आठवड्यात फाट्यावर 'विनंती थांबा' अशी पत्र्याची पाटी लागली.

नाइकांनी नसाब बोलावली आणि गूळ वाटायला आणला. "गाडी थांबली," ते म्हणाले. "थावराचा दंड फिटला."

सगळ्यांनी थावराकडं बघितलं. त्यानं हसायला हवं होतं. दोन वर्षं ज्याची वाट बघितली तो दिवस आला होता; उद्यापासून पहिल्या तासाला कॉलेज, पंख्याखालची जागा, राहिलेला पेपर. पण उद्या सकाळी आपण कुठं जायचं, हेच त्याला कळेना. तो गूळ हातात घेऊन तसाच बसून राहिला.

तेव्हा बायांच्या घोळक्यातून निलम उठली. नसाबीत पोरी बोलत नाहीत. ती बोलली.

"नाईक, दंड फिटला न्हाई."

रूपाबाईनं तिचा हात ओढला. नाइकांनी हातानंच थांबवलं. "काहून गं?"

"गाडी धाची हाय. शनवारी शाळा सकाळची असती. सातला जावं लागतं. शनवारी आमाला कोन नेनार?"

अर्ज करणाऱ्याला, पाटी लावणाऱ्याला, दोन्ही साहेबांना आणि खुद्द नाइकांना जे सुचलं नव्हतं ते दहावीतल्या पोरीनं सांगितलं होतं. नाईक कारभाऱ्यांच्या कानाशी लागले. कारभारी या वेळी जागे होते. मग नाइकांच्या मिशा हलल्या, आणि लोकांना कळलं की म्हातारा हसतोय.

"शनवारचा दंड कायम," ते म्हणाले. "कबूल हाय का रे थावरा?"

थावरानं मान खाली घातली, चेहऱ्यावरचं हसू कुणाला दिसू नये म्हणून, आणि म्हणाला, "नसाबीम्होरं माझं काय चालनार नाईक? भरावाच लागंल."